तिसऱ्या रांगेतला वन्स मोअर

ऊर्मी बिवलकर जन्माने अमेरिकन, नोकरीने कॅनेडियन आणि रागावली की सांगलीची. ओहायोतल्या टोलीडो गावी ती जन्मली. तिथल्याच शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट हातात धरायला शिकली आणि पुढे बँडसाठी संगीत लिहायचं शिक्षणही तिथेच घेतलं. ती कॉलेजात असताना वडिलांची नोकरी कॅनडात, स्कारबरोला हलली. आई गेल्यावर ऊर्मीही आपल्या लहानग्या मुलाला, ओजसला, घेऊन वडिलांपाशी राहायला आली आणि जवळच्या मिडल स्कूलमध्ये बँड शिकवू लागली. त्यालाही आता पंधराएक वर्षं झाली. ओजस वॉटर्लूला शिकायला गेल्यापासून घरात ऊर्मी, बाबा आणि बाबांची मतं एवढेच राहतात. त्यातही जागा जास्त मतांनाच लागते.

बँड म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वरात उभी राहते. तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला नवीन आलेलं कुणीतरी विचारायचंच, "म्हणजे तुम्ही नक्की काय शिकवता?" मग ऊर्मी हातातली प्लेट खाली ठेवून समजावायची, की यात व्हायोलिनं नसतात, सगळी फुंकायची वाद्यं. पुढे फ्लूट आणि क्लॅरिनेटं, मध्ये सॅक्सोफोन, मागे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि सगळ्यांत मागे बडवायची मंडळी. साठेक मुलं खुर्च्यांवर बसून, समोरचा कागद बघून एकत्र वाजवतात. ऐकणारा "इंटरेस्टिंग" म्हणायचा आणि आणखी भजी घ्यायला उठायचा.

खरं तर ऊर्मीचं काम इंटरेस्टिंगच होतं. विकत मिळणाऱ्या संगीतात सगळी वाद्यं आणि ती वाजवणारी शहाणी मुलं गृहीत धरलेली असतात. ऊर्मीच्या वर्गात एखाद्या वर्षी फ्लूटच फ्लूट, आणि ट्यूबा एकच. तो वाजवणारा मुलगाही डिसेंबरात काकाच्या लग्नाला जालंधरला गेला, तो जानेवारीतली लोहडी साजरी करूनच उगवला. म्हणून ती स्वतःच रचना करायची, आणि ती वाद्यांसाठी नाही, मुलांसाठी. ज्याला तीनच सूर येतात, त्याला त्या तीन सुरांतच असं काही द्यायचं की तो नसला तर अख्खी रचना लंगडावी. शिवाय कुठलीही महत्त्वाची ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर बारीक टाइपात लिहून ठेवायची. पहिल्याने आयत्या वेळी दगा दिला तर दुसऱ्याने उचलायची. बँडवाले याला क्यू म्हणतात. ऊर्मी म्हणायची, याला घर चालवणं म्हणतात.

अमेरिकेतल्या एका लहान प्रकाशकाने तिच्या बऱ्याच रचना छापल्या होत्या. आयोवा, नेब्रास्कामधल्या, तिने कधी न पाहिलेल्या गावांतली मुलं त्या वाजवायची आणि त्यांचे शिक्षक तिला कौतुकाच्या ईमेल पाठवायचे. स्कारबरोत मात्र ती "बिवलकरांची मुलगी, म्युझिक टीचर". पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

तिचे बाबा, जनार्दन बिवलकर, ब्याऐंशीचे. लहानपण सांगलीत, नाटकांच्या थिएटरात गेलेलं. मोठे झाल्यावर पूल बांधायला परदेशी आले, पण कान तिकडेच ठेवून आले. ओंटारियोतल्या पुलांमागे त्यांची आकडेमोड आहे. त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. त्यांचा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा. मंडळाच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून जो वन्स मोअर येतो, तो त्यांचा असतो. आणि तो सहसा येतच नाही.

बाकीच्यांचे वन्स मोअर पैशाला पासरी. कुणाची सून गायली, कुणाचा मेहुणा तबल्याला बसला, की द्यावेच लागतात. बाबांचं तसं नाही. एकदा पुण्याहून आलेल्या एका नावाजलेल्या गायकाला त्यांनी अख्खी मैफल कोरडं ठेवलं. नंतर जेवताना त्या बिचाऱ्याने श्रीखंडाची वाटी बाजूला सारली आणि यजमानांना हळूच विचारलं, "ते कडेचे गृहस्थ कोण?" बाबांना या गोष्टीचं जराही वाईट वाटलं नाही. "वन्स मोअर उगाच द्यायचा नसतो," ते म्हणायचे. "गाणाऱ्याला वाटतं, जमलं. मग तो तिथेच बसकण मारतो. नुकसान त्याचंच होतं."

ऊर्मीच्या बँडला तो वन्स मोअर कधीच मिळाला नव्हता. टोलीडोच्या शाळेत तिने पहिल्यांदा एकटीने क्लॅरिनेट वाजवलं तेव्हा नाही. पहिली रचना छापून आली तेव्हा तिने बाबांना बसवून रेकॉर्डिंग ऐकवलं, ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "वेळेत संपलं." शाळेच्या प्रत्येक कॉन्सर्टला मात्र ते यायचेच. गुळगुळीत दाढी, कोट, मफलर, आणि तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची. घरी जाताना गाडीत काहीतरी चांगलं शोधून काढायचे. "मुलं शिस्तीची आहेत." "लायटिंग नीट होतं." एका वर्षी तर "पार्किंग सुटसुटीत होतं" यावर आले.

त्यांची तक्रार साधीच होती. "सगळी एकदम वाजवतात. ऐकायचं कुणाचं? गाणं एकाचं असतं ऊर्मी, बाकीच्यांनी साथ करायची."

"बाबा, साठ जण साथ करतात, हीच तर गंमत आहे."

"असेल," बाबा म्हणायचे, आणि त्यांचा "असेल" म्हणजे दाराला आतून कडी.

ऊर्मी पंचावन्नची झाली होती. या वयात बापाच्या शाबासकीसाठी झुरणं तिचं तिलाच हास्यास्पद वाटायचं. वाटायचं, आणि तरीही दर कॉन्सर्टला टाळ्या सुरू झाल्या की तिचा कान तिसऱ्या रांगेकडे लागायचा. जित्याची खोड ती.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी ती कांदेपोहे करत होती. फोडणीच्या धुराने स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी तिने थंडीतही बोटभर उघडली होती. बाहेरून आवाज आला. खर्र. मग गुणगुण. पुन्हा खर्र, पुन्हा गुणगुण. बाबा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. डॉक्टरांनी त्यांना शोव्हल हातात धरायलासुद्धा मनाई केली होती, गराजमध्ये स्नो ब्लोअर होता, तरी ऊर्मीची पाठ वळली की हे बाहेर.

ती ओरडायला खिडकीपाशी गेली आणि तशीच थांबली. शोव्हल बर्फात घुसलं की गाणं थांबायचं, बर्फ बाजूला पडला की पुढे सरकायचं. चाल कुठल्या नाटकातली नव्हती. त्या सगळ्या ऊर्मीला बाबांमुळे पाठ होत्या. ही त्यांची त्यांनाच आपसूक सुचत गेलेली. वर वर चढत, दम खात, ती रस्त्याच्या कडेशी पोचायची. तिथे शहराच्या प्लाऊने, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या गाडीने, जाता जाता नेहमीसारखा बर्फाचा घट्ट बांध घातलेला होता. त्या बांधापाशी चाल तुटायची. बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि मग परत पहिल्यापासून.

ऊर्मीने हाताला लागलेल्या ग्रोसरीच्या जाहिरातीवर सूर उतरवून घेतले. पोहे करपले.

"वास कसला?" आत आल्यावर बाबांनी विचारलं.

"फोडणी जास्त झाली. आणि तुम्हाला शोव्हल कुणी करायला सांगितलं?"

"शोव्हल कुठे केलं? थोडं बाजूला लोटलं."

त्या चालीवरून ऊर्मीने उन्हाळाभर एक रचना केली. नाव ठेवलं "ड्राइव्हवे". सुरुवातीला आणि शेवटी तीन मुलं खरोखरची लोखंडी शोव्हलं घेऊन, जाडं मीठ पसरलेल्या प्लायवूडवर तालात खरवडणार. मध्ये सगळं शांत होतं आणि ती चाल येते. बांधापाशी तुटणारी चाल पुरी करणं हेच काम अवघड होतं. ऊर्मीने नाना शेवट लिहिले आणि फाडले. सगळे हुशार होते आणि एकही खरा वाटत नव्हता. अखेर तिने अगदी साधं केलं. वर चढलेला सूर पायरी पायरीने घराकडे परत आणला, आणि तो उंबरठ्याशी पोचतो तिथे साठ मुलं खालून हळूच साथीला येतात. बाबांना तिने यातलं काही सांगितलं नाही.

ती चाल तिने केयाला दिली. केया आठवीतली, बाबांच्या मंडळातल्या पद्मजाताईंची नात. वर्गात शब्दाला महाग, पण युफोनियम मांडीवर घेतलं की मोकळी व्हायची. युफोनियम म्हणजे ट्यूबाचं धाकटं भावंड. आवाज जाडसर आणि मायाळू, थोडा बाबांसारखाच. सप्टेंबरपासून केयाने ती ओळ घोटून घोटून गुळगुळीत केली. आणि कॉन्सर्टच्या दोन आठवडे आधी तिच्या दातांना तारा बसवल्या. फुंकणाऱ्याचं सगळं ओठांवर, आणि ओठांमागे आता लोखंड.

"मिस बी, गिव्ह इट टू थुशान," ती तालमीनंतर म्हणाली. थुशान टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. "ही हॅज द क्यू."

"तुला वाजवायचंय का नाही, ते सांग."

केया बराच वेळ बुटांकडे बघत राहिली. "आय डू. बट इट कम्स आउट ब्रोकन."

"येऊ दे. माझ्या बाबांचंही तुटतंच येतं," ऊर्मी म्हणाली. केयाला काही कळलं नाही, पण तिने युफोनियम परत उचललं. थुशानला ऊर्मीने बजावलं, "मी तुझ्याकडे बघितलं तरच वाजवायचं. नाहीतर नाही."

कॉन्सर्टच्या संध्याकाळीही बर्फ पडत होता. खुर्च्या मांडलेल्या शाळेच्या जिममध्ये ओल्या बुटांचा आणि कॉफीचा वास भरला होता. तिसऱ्या रांगेत कडेला बाबा, शेजारी नातीसाठी शाल पांघरून आलेल्या पद्मजाताई, आणि मागच्या दोन रांगांत मंडळातली बरीच घरं. नाताळची गाणी झाली. मग "ड्राइव्हवे" सुरू झालं आणि पहिल्या खर्रलाच सगळी जिम हसली. स्कारबरोत कुठल्याही देशातून आलेला माणूस असो, हा आवाज त्याच्या कंबरेला ओळखीचा असतो.

शोव्हलं थांबली. क्लॅरिनेटांनी खाली मऊ अंथरूण घातलं. ऊर्मीने केयाकडे बघून हात पुढे केला.

पहिला सूर लागला. दुसरा फुटला. तिसऱ्याला नुसती हवा आली.

क्लॅरिनेटं ठरल्याप्रमाणे पुढे चालली होती आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. उजवीकडे थुशानने सॅक्सोफोन तोंडाला लावलेला ऊर्मीला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होता. तिने नुसती मान वळवली असती तरी चाल वाचली असती. पण मग ती चाल थुशानची झाली असती आणि केयाने ते वाद्य पुन्हा हातात धरलं नसतं, हे ऊर्मीला तालमीतल्या त्या बुटांकडे बघण्यावरून पक्कं ठाऊक होतं. केयाने युफोनियम अजून खाली ठेवलेलं नव्हतं. ऊर्मी तिच्याकडेच बघत राहिली. मध्येच एक सूर आला, मध्येच गेला, पुन्हा दोन आले. अगदी शेवटी, चाल जिथून उतरायला लागते तिथे, केयाला ओठांची जागा सापडली. शेवटची ओळ अख्खी वाजली, साठ मुलं खालून साथीला आली आणि सगळं थांबलं.

तिथे रचनेतच विश्रांती होती. ऊर्मीचा हात वर, शोव्हलवाले तयार. केयाची हनुवटी थरथरत होती आणि समोरच्या पालकांपैकी कुणालाच कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"वन्स मोअर."

आवाज चढा नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तो चढवावा लागत नाही, हे सांगलीच्या थिएटरात शिकलेला आवाज होता. बँडच्या कॉन्सर्टमध्ये रचना चालू असताना कुणी खोकतसुद्धा नाही. मुख्याध्यापिका अर्धवट उठल्या. कुणा म्हाताऱ्या माणसाला बरं वाटत नसावं, असा त्यांचा समज झाला. साठ मुलांनी एकदम ऊर्मीकडे बघितलं.

ऊर्मीला आधी राग आला. सगळा जन्म हात आखडता घेतला, आणि द्यायचा तो इथे दिला, या मोडक्या-तोडक्या सुरांना? मग तिची नजर केयाकडे गेली. मंडळाच्या कार्यक्रमांना आजीबरोबर बसून बसून केयाला त्या दोन शब्दांचा अर्थ चांगलाच माहीत होता, आणि ते कुणाच्या तोंडून निघाले तेही. ती बाबांकडे बघत होती. हनुवटी थांबली होती.

ऊर्मीने हात खाली घेतला आणि बँडला म्हणाली, "लेटर एफ."

मुलांना यात नवल काहीच वाटलं नाही. कागदावर जागोजागी अक्षरं छापलेली असतात, आणि "परत, लेटर एफपासून" हे ती वर्गात रोजच ऐकायची. क्लॅरिनेटांनी पुन्हा अंथरूण घातलं. केयाने ओठ ओले केले, डोळे मिटले आणि वाजवलं. एक सूर किंचित खरखरला. बाकी चाल शोव्हलच्या दमाने थांबत थांबत वर चढली, बांधापाशी पोचली, आणि तुटली नाही. पायरी पायरीने घरी आली.

"वन्स मोअर," बाबा पुन्हा म्हणाले. या वेळी तो त्यांनी दिला नाही, त्यांच्या तोंडून निघून गेला. पाठोपाठ पद्मजाताईंचा बारीक आवाज आला, मग मागच्या दोन रांगा, आणि हा काहीतरी रिवाज असावा असं समजून मुख्याध्यापिकाही त्यात सामील झाल्या.

ऊर्मीने हसत मान हलवली. तारांवर दाबलेल्या ओठांत तिसऱ्यांदा बळ नव्हतं, हे तिला दिसत होतं. तिने हात झटकन खाली आणला, आणि शोव्हलं सुटली.

नंतर पार्किंगमध्ये गाडी गरम होत होती. ऊर्मी काचेवरचा बर्फ खरवडून आत येऊन बसली. बाबा सीट बेल्ट लावून, हातमोजे मांडीवर घेऊन बसले होते. पार्किंग सुटसुटीत होतं, असं ते आता म्हणतील, अशी तिला धास्ती होती.

"तिसऱ्यांदा घेतलं नाहीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "गाणाऱ्याचा दम ओळखावा."

"बाबा, पहिला वन्स मोअर कशाला दिलात? एवढं फुटत होतं."

"तो खोटा होता," बाबा म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा खोटा दिला. काय करणार, पोर तिथे बुडत होती आणि माझ्याकडे तेवढंच होतं."

"आणि दुसरा?"

"दुसरा खरा."

ऊर्मीने गाडी गिअरमध्ये टाकली आणि परत काढली. सांगू नये असं तिला मनापासून वाटत होतं. इतक्या वर्षांनी हाती आलेला वन्स मोअर, आणि तो ज्याने दिला त्याच्याच चालीला. पण खोटं बोलून तो खिशात घालणंही तिला जमेना.

"बाबा, ती चाल माझी नाही. तुमची आहे. तुम्ही ड्राइव्हवेवर गुणगुणता ती."

"माहितीये," बाबा म्हणाले. "स्वतःचा आवाज मला कळायचा नाही? पहिल्या सुरालाच कळलं."

"मग?"

"मला ती पुरी करता येत नाही, ऊर्मी. किती वर्षं त्या बांधापाशी जातो आणि तिथे अडकतो. दम संपतो म्हण, सुचत नाही म्हण. तू ती उतरवून घरी आणलीस ना, आणि मग सगळी पोरं खालून आली." त्यांनी हातमोजे एकावर एक नीट ठेवले. "दुसरा त्या जागेला होता."

ऊर्मीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले की मागची गाडी केव्हाची खोळंबली आहे.

सकाळी ती पोहे करायला उठली. फोडणीला मोहरी टाकून खिडकी बोटभर उघडली आणि बाहेरून खर्र ऐकू आलं. डॉक्टर, स्नो ब्लोअर, कालच बजावलेलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ओरडायला तिने तोंड उघडलं. बाहेर चाल थांबत थांबत वर चढली, प्लाऊच्या बांधापाशी आली आणि थांबली. बाबांनी शोव्हल बर्फात उभं केलं, श्वास घेतला, आणि पुढची ओळ म्हटली. तिची ओळ. पायरी पायरीने, घरापर्यंत.

मग इकडेतिकडे कुणी नाही असं बघून त्यांनी तीच ओळ पुन्हा एकदा म्हटली. ऊर्मीने गॅस बारीक केला. ओरडायला ती नंतर जाणार होती.